दुःखाचा वारसा : रक्तातून की घरातून?

आजोबांनी फाळणी पाहिली म्हणून नातवाची झोप उडते, पणजीने दुष्काळ काढला म्हणून पणतूला ऐन तिशीत मधुमेह गाठतो, असे कोणी म्हटले तर ते हसण्यावारी न्यावे की गांभीर्याने घ्यावे? पंधरा-वीस वर्षांपूर्वी हा प्रश्न प्रयोगशाळेबाहेर फारसा कोणी विचारत नव्हते. आज बेसेल व्हॅन डर कोल्क यांचे ‘द बॉडी कीप्स द स्कोर’ किंवा मार्क वॉलिन यांचे ‘इट डिडन्ट स्टार्ट विथ यू’ ही पुस्तके सहज हाती लागतात, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या जखमा शनिवार-रविवारात भरून देण्याची हमी देणाऱ्या शिबिरांच्या जाहिराती मोबाइलवर येऊन पडतात. विषय इतका बोलबाल्याचा झाला की लोक त्याच्याकडे भारावून तरी पाहतात, नाहीतर नाक मुरडून. दोन्ही बाजूंकडे सांगण्यासारखे बरेच आहे.

घराण्यातले दुःख पुढच्या पिढीपर्यंत पोचते, यावर वाद नाही. ज्या घरात बाप रोज रात्री पिऊन येतो, त्या घरातली मुले दाराच्या कडीच्या आवाजाने कशी दचकतात, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. वाद आहे तो वाटेचा. एका मते हे दुःख शरीरातून उतरते: बीजांडातून, शुक्राणूंतून, जनुकांवर उमटलेल्या खुणांतून. दुसऱ्या मते ते घरातून उतरते: आईच्या कुशीतून, बापाच्या अबोल्यातून, रिकाम्या डब्यांतून. वाटेचा हा प्रश्न केवळ पंडिती नव्हे. उपचार कुठे करायचा आणि सरकारने पैसा कुठे घालायचा, हे त्याच्या उत्तरावर ठरते.

शरीराच्या बाजूने सांगितला जाणारा सगळ्यांत भक्कम दाखला हॉलंडचा आहे. सप्टेंबर १९४४ मध्ये दोस्त सैन्याला मदत व्हावी म्हणून डच रेल्वे कामगारांनी संप केला. जर्मनांनी त्याचा सूड म्हणून पश्चिम हॉलंडची अन्नाची वाहतूक रोखली. त्यात थंडीने कालवे गोठले. माणशी शिधा दिवसाला हजार उष्मांकांच्या खाली गेला आणि ऐन हिवाळ्यात तो चारशे ते आठशेवर आला. लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. मे १९४५ मध्ये सुटका होईपर्यंत सुमारे वीस हजार माणसे दगावली. त्या धामधुमीतही सुइणींनी आणि इस्पितळांनी बाळंतपणाच्या नोंदी ठेवल्या, म्हणूनच पुढच्या संशोधकांना कोणते मूल उपासमारीच्या कोणत्या महिन्यात पोटात होते हे नेमके कळू शकले. उपासमारीत ज्यांचा गर्भ राहिला, त्यांच्यात पुढे लठ्ठपणा आणि हृदयविकार अधिक आढळले, स्किझोफ्रेनियाचे प्रमाण साधारण दुप्पट दिसले. २००८ मध्ये बास हाइमन्स आणि सहकाऱ्यांनी त्यांचे रक्त तपासले, तेव्हा वाढीशी संबंधित असलेल्या आयजीएफ-२ या जनुकावरच्या मिथाइल खुणा त्यांच्याच सख्ख्या भावंडांपेक्षा कमी भरल्या. उपासमार संपून साठ वर्षे उलटली होती. या खुणांनी जनुकाचा मजकूर बदलत नाही, पण ते जनुक किती जोरात काम करणार हे ठरू शकते.

मात्र हा दाखला ज्या मुद्द्यासाठी दिला जातो, तो मुद्दा त्याने नीट सिद्ध होत नाही. ही माणसे गर्भात असताना स्वतःच उपाशी होती. त्यांच्या शरीरावर जे उमटले ते त्यांच्याच वाट्याला आलेल्या उपासमारीचे. ते आईकडून वारशाने आलेले नाही. शिवाय गर्भावस्थेच्या शेवटी शेवटी ज्यांना उपासमार सोसावी लागली, त्यांचे जन्मवजन कमी होते, पण त्या जनुकावर फरक आढळला नाही. गर्भातला काळ महत्त्वाचा, एवढे यातून कळते. दुःख बीजातून पुढे जाते, हे कळत नाही.

तो दुसरा दावा करण्याचे धाडस न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय इस्पितळातील रेचेल येहुदा यांनी केले. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या ज्यूंवर आणि त्यांच्या मुलांवर त्या अनेक वर्षे काम करत होत्या. धोका समोर आला की शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते, आणि धोका टळला की तेच कॉर्टिसॉल मेंदूला ‘पुरे’ असा निरोप देऊन ही धावपळ थांबवते. वाचलेल्यांच्या कुटुंबांत ही निरोपाची यंत्रणा वेगळ्या पट्टीवर लागलेली असावी, असे येहुदा यांना दिसत होते. २०१५ मध्ये त्यांनी या यंत्रणेशी संबंधित एफकेबीपी-५ या जनुकावरच्या खुणा प्रसिद्ध केल्या. पालक आणि मुले दोघांतही एकाच ठिकाणी फरक होता. पालकांत खुणा जास्त, मुलांत कमी. वृत्तपत्रांनी त्याचा मथळा केला: आघात वारशाने येतो.

मूळ आकडे मात्र फार छोटे होते. वाचलेले ३२ जण, त्यांची २२ मुले, आणि तुलनेसाठी घेतलेले अवघे आठ पालक व नऊ मुले. रक्तातल्या पेशींवरून मेंदूबद्दल किती अनुमान काढावे, आणि छळछावणीतून आलेल्या आईबापांच्या घरात वाढल्याचा परिणाम यातून वेगळा कसा काढावा, हे प्रश्न जाणकारांनी तेव्हाच विचारले. त्याहून बोलका आकडा एका जुन्या पाहणीतला आहे, आणि तो लोकप्रिय पुस्तकांत क्वचितच सापडतो. २००३ मध्ये मारिनस व्हॅन आइझेंडोर्न आणि सहकाऱ्यांनी छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या मुलांवरचे ३२ नमुन्यांतले निष्कर्ष एकत्र केले, एकूण ४,४१८ माणसांचे. उपचारासाठी आलेल्यांतून नव्हे, तर सर्वसाधारण लोकांतून निवडलेल्या मुलांत आईबापांचा आघात उतरल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. इतके भयंकर भोगूनही त्या माणसांनी बहुतांशी धडधाकट मुले वाढवली. हे वाचून मला बरे वाटले हे कबूल करतो, आणि म्हणूनच या निष्कर्षाकडे मी जरा जास्तच प्रेमाने पाहत असेन.

दुसरीकडे, संशोधन तिथेच थांबलेले नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातील कॉनी मुलिगन आणि जॉर्डनच्या राना दजानी यांनी सीरियातून आलेल्या ४८ कुटुंबांतील १३८ जणांचा अभ्यास मांडला. १९८२ मध्ये हमा शहरावर लष्कराने केलेल्या हल्ल्याच्या वेळी ज्या स्त्रिया गरोदर होत्या, त्यांच्या नातवंडांच्या जनुकांवर चौदा ठिकाणी वेगळ्या खुणा सापडल्या. या अभ्यासामागचा तर्क सुरेख आहे. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची बीजांडे तयार होऊ लागतात. म्हणजे गरोदर आजीवर बॉम्ब पडत होते, तेव्हा पुढच्या नातवंडाचे बीजही त्याच शरीरात होते. त्याच तर्काची दुसरी बाजू अशी, की मग नातवंडालाही ते थेटच भोगावे लागले. वारसा म्हणायचा तर पणतवंडांपर्यंत जावे लागेल. शिवाय त्या चौदा खुणांनी कोणाची तब्येत बिघडली, असे अभ्यासकर्त्यांचेही म्हणणे नाही.

उंदरांबाबत पुरावा जास्त ठसठशीत आहे. अटलांटातील एमोरी विद्यापीठात ब्रायन डायस आणि केरी रेस्लर यांनी नर उंदरांना एका विशिष्ट वासासोबत विजेचे सौम्य धक्के दिले. त्यांच्या पिल्लांनी आणि पिल्लांच्या पिल्लांनी तो वास आधी कधी घेतलेला नव्हता, तरी ती त्या वासाला दचकत, असे त्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. या आकड्यांचे यश जरा जास्तच चोख आहे, अशी शंका संख्याशास्त्राच्या अंगाने घेतली गेली. एक मूलभूत अडचणही आहे. सस्तन प्राण्यांत गर्भधारणेनंतर लगेच, आणि पुढे गर्भाच्या बीजपेशी घडताना, असे दोनदा जनुकांवरच्या बहुतेक खुणा पुसल्या जातात. काही त्यातून वाचतात. पण ‘आजीची भीती’ नेमकी वाचते आणि नातवापर्यंत पोचते, हे माणसात दाखवायचे काम बाकी आहे.

आपल्याकडे या वादाचे रूप जरा वेगळे आहे. इथे आघात आणि भूक वेगळी काढता येत नाही, आणि या बाबतीत जगाने दखल घेतलेले काम पुण्याजवळ झालेले आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत स्त्रियांची नोंद गर्भ राहण्याआधीपासून ठेवायला सुरुवात केली. शेतावर राबणाऱ्या, विशी-बाविशीतल्या, हाडापेराने बारीक अशा या स्त्रिया. बाळ जन्मले की त्याचे वजन, लांबी, डोक्याचा घेर घेतला जाई, आणि एका चिमट्याने पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली कातडीची घडी मोजली जाई. वजन सरासरी २.७ किलो; इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. आठशे ग्रॅमचा फरक मुख्यतः स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत होता. पाठीवरची घडी मात्र जवळजवळ तेवढीच जाड. म्हणजे दिसायला किडकिडीत, आणि आत चरबी राखून ठेवलेले बाळ. डॉ. याज्ञिकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि त्यांचे ब्रिटिश स्नेही जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचाही बीएमआय २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. लेखापेक्षा ते चित्रच जास्त गाजले.

त्या गावांतल्या स्त्रिया साधारण बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे जन्मलेल्या. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारे आईबाप, वाटपात मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, हे सारे त्या पिढीच्या घरात घडलेले आहे. त्या एका दुष्काळामुळे पुढच्या पिढीला मधुमेह झाला, असे कोणी दाखवलेले नाही, आणि तसे कोणी सांगू लागला तर सावध व्हावे. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या उपासमारीचा हिशेब शरीर ठेवते का, या प्रश्नाला याज्ञिकांचा सहभाग असलेल्या आणखी एका कामाने हात घातला. आनंदवर्धन हर्डीकर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडलेल्या या प्रयोगात पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेले उंदीर पुढे पोटभर खायला दिल्यावरही दोन पिढ्यांत सुधारले नाहीत. त्यांच्यात इन्सुलिन वाढलेले आणि बी-१२ कमी झालेले राहिले. पन्नास पिढ्या म्हणजे माणसाच्या हिशेबाने हजार वर्षांच्या वर. वारशाच्या बाजूने मला सगळ्यांत जास्त विचारात पाडणारा पुरावा हा आहे.

तरीही पुण्याच्याच कामात दुसरी बाजूही आहे, आणि ती अधिक उपयोगी आहे. तिथल्या मातांपैकी मोठ्या संख्येने स्त्रियांत बी-१२ कमी होते. ज्यांच्यात गरोदरपणी बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला शरीर कमी दाद देत असल्याचे दिसले. मग त्याच मुलांना, ती वयात येत असताना, म्हणजे आईबाप होण्याच्या आधी, बी-१२ च्या गोळ्या देऊन पाहण्याचा प्रयोग सुरू झाला. वारसा कोणत्या वाटेने येतो, याचा निकाल लागण्याची वाट न पाहता त्यात हस्तक्षेप करता येतो, हे या गोळीतले शहाणपण.

आता घराच्या वाटेकडे. इथला जुना आणि नावाजलेला प्रयोग मॉन्ट्रियलचा, मायकल मीनी आणि मोशे झीफ यांचा, २००४ मधला. काही उंदीरमाता पिल्लांना भरपूर चाटतात, काही कमी. भरपूर चाटलेली पिल्ले पुढे शांत होतात, ताण लवकर झटकून टाकतात, आणि ताणाशी संबंधित जनुकावर त्यांच्या मेंदूत वेगळ्या खुणा असतात. संशोधकांनी जन्मल्या जन्मल्या पिल्लांची अदलाबदल केली. कमी चाटणाऱ्या आईची पिल्ले भरपूर चाटणाऱ्या आईकडे वाढली, तर तिच्यासारखी झाली. म्हणजे खूण शरीरावरच होती, पण ती बीजातून आलेली नव्हती; जिभेने आलेली होती. ‘शरीर की घर’ या भांडणातला पेच मला तरी याने बराच सुटल्यासारखा वाटतो. घरातले वागणे शरीरात मुरते आणि पुढच्या पिढीचे वागणे होते. त्यासाठी शुक्राणूंना जबाबदार धरायची गरज उरत नाही.

माणसांतला पुरावाही याच अंगाने जास्त जड आहे. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो इथे व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी हजारो प्रौढांना बालपणातला मारहाणीचा, घरातल्या व्यसनाचा, आईवर होणाऱ्या अत्याचाराचा अनुभव विचारला. १९९८ च्या त्यांच्या पहिल्या निबंधात असे अनुभव जितके जास्त, तितके हृदयविकार, फुप्फुसांचे आजार, नैराश्य आणि आत्महत्येचे प्रयत्न जास्त, असा चढता आलेख होता. मात्र ते आकडे समूहाला लागू होतात. गुणपत्रिकेसारखे त्यांचे आकडे एकेका माणसाच्या कपाळावर मारू नयेत, असे पुढे अँडा यांनीच बजावले.

इथवर वाचून कोणी म्हणेल, की मग शरीरातल्या वारशाची भाषा सोडूनच द्यावी. तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ज्याला वर्षानुवर्षे पाठदुखी, धडधड आणि निद्रानाश आहे, आणि ज्याचे सगळे रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतात, त्याला ‘मनाचे खेळ आहेत’ हे ऐकून ऐकून वीट आलेला असतो. तुझ्या शरीरात खरेच काही घडले आहे आणि ते तुझ्या आधीपासून चालत आले आहे, हे वाक्य त्याच्यासाठी मोठा दिलासा असते. अमेरिकेतल्या लाकोटा लोकांबाबत मारिया यलो हॉर्स ब्रेव्ह हार्ट यांनी ऐतिहासिक आघाताची कल्पना मांडली, तीही यासाठीच. कत्तलींचे आणि मुलांना पळवून बोर्डिंग शाळांत डांबण्याच्या धोरणाचे दुःख पिढ्या उलटल्या तरी संपत नाही, ते व्यसनांत आणि आजारांत दिसते, हे सांगण्यासाठी. दलित आत्मकथनांनी मराठीत जे साहित्यातून सांगितले, त्याला आरोग्याच्या चर्चेत जागा मिळावी असे वाटणारे कार्यकर्ते याच भाषेकडे आशेने पाहतात. अवहेलनेने रक्तदाब वाढतो हे मान्य झाले, तर अवहेलना हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न ठरतो.

परंतु नेमक्या याच समाजात या भाषेचा धोकाही सगळ्यांत मोठा आहे. ‘खाण तशी माती’ म्हणणाऱ्या, सोयरिकीआधी घराण्याच्या सात पिढ्या तपासणाऱ्या आपल्याकडे दुःख रक्तात उतरते असे म्हणणे म्हणजे जुन्याच समजुतीला प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र देणे. जातीने रक्ताची शुद्धता राखली जाते, हा युक्तिवाद डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये खोडून काढला होता. तो मागच्या दाराने, या वेळी सहानुभूतीच्या वेशात, परत येऊ नये. दुसरा धोका बायकांच्या वाट्याचा. गर्भावरच्या संशोधनाच्या बातम्यांत बाप आणि सरकार दिसत नाहीत, आई तेवढी दिसते. आईने काय खाल्ले, आईने किती ताण घेतला, आई का रडली. २०१४ मध्ये सारा रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये यावर खरमरीत टिपण लिहिले होते. अर्धपोटी सुनेला तिच्या बाळाच्या मधुमेहासाठी दोषी ठरवणे आपल्या घरांत फार अवघड नाही.

उपचारांकडे वळताना हीच ओढाताण पुन्हा दिसते. पूर्वजांचे अपुरे राहिलेले दुःख वंशजांना छळते, हे आपल्याकडे कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. अकाली गेलेल्या माणसांसाठी त्र्यंबकेश्वरला तीन दिवसांचा नारायण नागबळी करणारी कुटुंबे दरवर्षी जातात. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. पण ज्या मेलेल्या भावाचे नाव घरात कोणी घेत नव्हते, त्याचे नाव त्या तीन दिवसांत सगळ्यांनी मिळून घेतले, यातून काही मोकळे होत असेल, हे नाकारता येत नाही. जर्मनीचे बर्ट हेलिंगर यांनी काढलेली कुटुंब-मांडणीची पद्धत शहरी, इंग्रजी बोलणाऱ्या वर्गासाठी जवळपास तेच काम करते. अनोळखी माणसे आजी, आजोबा, गेलेली बहीण म्हणून उभी राहतात आणि पाहणाऱ्याला हुंदका फुटतो. हुंदका खरा असतो. पण या पद्धतीच्या बाजूने असलेला पुरावा थोडका आणि कच्चा आहे; काहींना त्याने त्रासही झाल्याची नोंद आहे, आणि शिबिर संपल्यावर त्या माणसाला सांभाळायला कोणी नसते. त्र्यंबकच्या गुरुजींचा पत्ता तरी कायम असतो.

पुरावा असलेले उपचार फारसे नाट्यमय नाहीत. आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तन उपचार आणि डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर पद्धत, या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये केली. या दोन्ही पद्धती माणसाने स्वतः भोगलेल्या आघातावर काम करतात, आजोबांच्या नव्हे. शरीराच्या बाजूने बोलायचे तर व्हॅन डर कोल्क यांच्याच २०१४ मधल्या चाचणीत, इतर उपचारांना दाद न दिलेल्या ६४ स्त्रियांपैकी योगाच्या गटात निम्म्याहून थोड्या जास्त स्त्रिया दहा आठवड्यांनी आघातजन्य विकाराच्या निकषांबाहेर आल्या. तुलनेच्या गटात साधारण पाचातली एक. चाचणी छोटी आहे, पण आपल्याला परका नसलेला हा उपाय थट्टेवारी नेण्यासारखा नाही.

घराच्या वाटेवरचे उपाय आणखी साधे. पाकिस्तानात आतिफ रहमान यांनी गावातल्या आरोग्यसेविकांना बाळंतिणींच्या नैराश्यावर घरी जाऊन बोलायला शिकवले. २००८ च्या त्यांच्या निष्कर्षात सहा महिन्यांनी नैराश्य असलेल्या माता निम्म्याहून कमी झाल्या. मुलांची उंची-वजने वाढली नाहीत. पण जुलाब कमी झाले, लसी वेळेवर टोचल्या गेल्या, आईबाप मुलांशी जास्त खेळू लागले. गोव्यात ‘संगत’ संस्थेने शेजारपाजारच्या स्त्रियांकडून हेच काम करवून पाहिले, तिथे फायदा माफक झाला. आणि पाकिस्तानातली ती मुले सात वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा त्यांच्या विकासात फरक उरलेला नव्हता. घराच्या बाजूने कौल देणाऱ्यांनी हा निकालही समोर ठेवला पाहिजे. थोडे महिने बोलून घराची रीत बदलत नाही, हे त्यातून दिसते. मदत थोडी का होईना, वर्षानुवर्षे लागते आणि तिला जोडून खाणे, पगार आणि निर्धोक घरही लागते.

सांगावे की न सांगावे, हा प्रश्न उरतोच, आणि यात मला पूर्ण निश्चिती नाही. उल्हासनगरच्या सिंधी घरांच्या पत्त्यांत आजही बॅरकचा आणि कॅम्पचा नंबर असतो. लष्कराच्या त्या बराकींत फाळणीनंतर लाखभर निर्वासित येऊन राहिले. पत्ता रोज लिहिला जातो, पण घर कसे सोडले हे त्या घरांत फार उशिरा, किंवा कधीच नाही, असे सांगितले गेले. न बोललेले दुःख मुलांना जास्त छळते, असे म्हणणारे तज्ज्ञ पुष्कळ आहेत, आणि मुलांच्या बाजूने पाहिले तर ते बरोबरही असेल. उलटपक्षी, पंजाबातल्या हकिगती गोळा करताना उर्वशी बुटालिया यांनी १९९८ मध्ये दाखवले, की काही गप्प बसण्यामागे पळवून नेलेल्या, परत आणलेल्या स्त्रियांची राहिलेली आयुष्ये होती. बोलण्याचा हक्क ज्याने भोगले त्याचा आहे. नातवाला बरे वाटावे म्हणून आजीकडून सत्तर वर्षांपूर्वीची रात्र वदवून घेणे, हा उपचार नव्हे. आपत्तीनंतर लगेच एका बैठकीत सगळे ओकून टाकायला लावण्याची पद्धत काही काळ जगभर चालली. तिने फायदा होत नाही, उलट कधी इजा होते, असे पुढे दिसून आले.

माझा कल घराच्या वाटेकडे आहे. शरीरातला वारसा खोटा आहे असे मी म्हणत नाही. हर्डीकर-याज्ञिकांच्या उंदरांनी आणि सीरियातल्या आज्यांनी तो दरवाजा उघडा ठेवला आहे, आणि पणतवंडांपर्यंत पोचणारा भक्कम अभ्यास आला तर हा कल बदलावा लागेल. पण आजच्या पुराव्यावर सार्वजनिक पैसा आणि खाजगी आशा कुठे ठेवायची, तर किशोरींच्या ताटात, बाळंतिणीच्या मनाकडे लक्ष देणाऱ्या आशाताईच्या मानधनात, दारू आणि मारहाण थांबवण्यात, आणि नोंदणीकृत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ तालुक्यापर्यंत नेण्यात. याची किंमत आहे: दिलासा देणारी, थोर वाटणारी एक कथा आपण मागे ठेवतो, आणि ज्यांचे दुःख इतिहासाने दिले आहे त्यांना ‘आधी जेवणाचे बघू’ असे सांगतो. ते त्यांना कोरडे वाटले तर त्यांचे चुकले असे म्हणवत नाही.

दवाखान्यात ‘घराण्यात कोणाला शुगर आहे का’ हे हमखास विचारले जाते. कोण उपाशी राहिले, कोण गाव सोडून आले, कोणाचे नाव घरात घेतले जात नाही, हेही विचारायला पाच मिनिटे जास्त लागतील, आणि ती द्यायला हवीत. समोरच्या माणसाचे दुखणे निम्मे त्या पाच मिनिटांत हलके होण्याचा संभव आहे. मात्र आजीची हकिगत ऐकून झाल्यावर झोपेची चौकशी करायला, आणि बी-१२ ची तपासणी लिहून द्यायला डॉक्टरांनी विसरू नये.